तुटलेला धागा, थांबलेला माग

मंडळी, मागावर ताण्याचा एक धागा तुटला आणि विणकराच्या ध्यानात आलं नाही, तर काय होतं? माग चालतच राहतो. कापडही निघतं, पण सदोष. सूत गेलं, श्रमही गेले!

जपानात 1867 साली एका सुताराच्या घरी साकिची टोयोडा जन्मले. आईला हातमागावर राबताना पाहून त्यांनी माग सुधारण्याचा ध्यास घेतला. 1896 साली त्यांनी यंत्रमाग तयार केला. आडवा धागा तुटला की तो आपोआप थांबे. 1924 सालच्या मागात उभा धागा तुटला तरी यंत्र थांबू लागलं. मग प्रत्येक मागापाशी माणूस खिळून राहीना. एकच कामगार अनेक माग सांभाळू लागला.

1937 साली त्यांचे चिरंजीव किइचिरो यांनी टोयोटा मोटार कंपनी स्थापन केली. पुढे तिथंही हाच विचार रुजला. चूक दिसली की कामगारानं दोरी ओढायची, काम थांबवायचं आणि कारण शोधायचं. तिथले ताइची ओनो तर ‘का?’ हा प्रश्न पाच वेळा विचारायला सांगत.

पण पाहा, दोरी ओढणाऱ्यावरच कोणी खेकसलं, तर पुन्हा ती कोण ओढील?

गुरुजी, वर्गातही असाच धागा तुटतो. हातच्याची वजाबाकी न उमगलेलं मूल गप्प बसतं, धडा पुढं सरकतो आणि भागाकारापाशी सगळंच अडतं. ‘थांबा गुरुजी, समजलं नाही,’ असं म्हणायची दोरी त्याच्या हाती आहे ना? तेवढं जरूर पाहावं.