बॅटरीचा आकडा कुणाचा?

आजचा विषय एका चिमुकल्या चित्राचा आहे: स्क्रीनच्या कोपऱ्यातली बॅटरी.

सिंदी मेघेत, म्हणजे वर्ध्याला अगदी लागून असलेल्या या गावात, बॅटरीचं महत्त्व कुणाला सांगायला नको. भारनियमनाचे दिवस आपण काढले आहेत. इन्व्हर्टर कुईं-कुईं करू लागला की कळायचं, आता संपत आली. नेमकं बघायचं तर बॅटरीवाला हायड्रोमीटरमध्ये आम्ल ओढून घ्यायचा. घनता १.२६ च्या पुढे असली तर भरलेली, १.१५ च्या आसपास घसरली तर जवळपास रिकामी. हा आकडा घरातच राहायचा.

पुढे १९९१ मध्ये सोनीनं लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. ती बंद असते, आत डोकावता येत नाही. म्हणून मोबाइल आत गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या विजेचा हिशेब ठेवतो आणि टक्के सांगतो. म्हणजे तो आकडा मोजलेला कमी, अंदाजलेला जास्त.

मग २०१२ च्या सुमारास हा आकडा वेबपानांनाही मिळू लागला. फायरफॉक्स आघाडीवर होतं, क्रोम नंतर आलं. हेतू चांगलाच होता: बॅटरी कमी असेल तर पानानं जड कामं थांबवावीत. ब्राउझर ० ते १ मधला आकडा देतो. त्याला १०० नं गुणा, तेवढी नळी भरा, चार्जिंग सुरू असेल तर विजेची खूण काढा. एकदा लिहा, हव्या त्या पानावर वापरा. असा हा छोटासा कंपोनंट.

पण परवानगी विचारायची गरज नाही, असं तेव्हा ठरलं. बॅटरीच्या आकड्यातून कुणाचं काय बिघडणार? २०१५ मध्ये लुकाश ओलेयनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. लिनक्सवरच्या फायरफॉक्समध्ये तो आकडा दशांशानंतर कितीतरी घरांपर्यंत मिळत होता. दोन वेगळ्या साइटना एकाच वेळी तोच आकडा आणि तितकाच उरलेला वेळ दिसला, तर माणूस बहुधा एकच! कुकीज पुसल्या तरी थोडा वेळ ओळख उरते. फायरफॉक्सनं आधी आकडा ढोबळ केला आणि मार्च २०१७ मध्ये ५२ व्या आवृत्तीपासून ही सोय वेबपानांना देणंच बंद केलं. क्रोममध्ये ती अजून आहे.

इथल्या मुलामुलींपैकी कुणी असा कंपोनंट लिहीलच, म्हणून एवढं सांगतो. माहिती मिळाली नाही तर खोटी भरलेली नळी दाखवू नका, चित्रच लपवा. मिळाली तर ती बघणाऱ्यालाच दाखवा, सर्व्हरकडे पाठवू नका. आकडा ज्याच्या बॅटरीचा, त्याच्याच घरात राहू द्या.