पांढऱ्या पायजम्यातला राजपुत्र

व्हिडिओ गेम जुना झाला की त्याचं काय होतं? पुस्तक जुनं झालं तर पानं पिवळी पडतात, पण वाचता येतं. गेमचं तसं नाही. तो ज्या यंत्रावर चालायचा ते यंत्रच भंगारात गेलं की गेम नुसता चकतीवर पडून राहतो. म्हणून मग दर काही वर्षांनी कोणीतरी तो नव्या यंत्रासाठी पुन्हा बनवायला घेतं. कधी इकडचा उचलून तिकडे ठेवायचा, कधी थोडी रंगरंगोटी करायची, तर कधी पार पायापासून नवा बांधायचा. पोर्ट, रीमास्टर, रीमेक ही नावं त्यातूनच आली.

पण या सगळ्या खटाटोपात जपायचं नेमकं काय असतं? चित्रं? संगीत? गोष्ट? हा प्रश्न बरेच दिवस माझ्या डोक्यात घोळतोय. उत्तरासाठी एकच गेम घेऊन बसलो: प्रिन्स ऑफ पर्शिया. एक तर हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी तो खेळलेला असणार. आणि दुसरं म्हणजे त्याच्या कहाणीतला एक अध्याय चक्क आपल्या पुण्यात घडला.

गोष्ट सुरू होते १९८५ साली. जॉर्डन मेक्नर नावाचा मुलगा येल विद्यापीठातून नुकताच बाहेर पडला होता. 'कराटेका' नावाचा एक यशस्वी गेम त्याच्या नावावर होता. पुढच्या गेममधला माणूस खऱ्या माणसासारखा पळला पाहिजे, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. त्याने काय करावं? व्हिडिओ कॅमेरा घेतला, धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालायला लावले आणि रीडर्स डायजेस्टच्या कचेरीच्या पार्किंगमध्ये त्याला पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं. मग ती टेप लावून एकेक चित्र थांबवायचं, टीव्हीच्या पडद्याचा साध्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा, फोटो धुऊन आणायचे, त्यावर काळ्या मार्करने आणि पांढऱ्या खोडरंगाने आकृती ठसठशीत करायची आणि मग ती कॉम्प्युटरमध्ये घालायची. एका पळण्यासाठी हे एवढं सगळं! तलवारबाजी घरात कोणाला येत नव्हती, तेव्हा त्याने १९३८ च्या रॉबिन हूड सिनेमातल्या एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोनच्या द्वंद्वातला काही सेकंदांचा तुकडा वापरला. गेमचं संगीत दिलं वडिलांनी, फ्रान्सिस मेक्नर यांनी. म्हणजे एका अर्थी हा घरगुती कारखानाच होता.

हे सगळं ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी चाललं होतं आणि त्याची मेमरी आजच्या हिशेबात नगण्य. राजपुत्राच्या हालचालींनीच ती भरून गेली, शत्रूची चित्रं ठेवायला जागाच उरेना. त्यावर मेक्नरने जी युक्ती काढली ती मला फार आवडते. राजपुत्राचीच चित्रं घ्यायची, त्यांचे ठिपके एक घर बाजूला सरकवून मूळ चित्रावर एक छोटीशी गणिती क्रिया करायची. तयार झाली झिरझिरीत, चमचमणारी एक आकृती. नवीन चित्र एकही नाही आणि शत्रू मात्र मिळाला: राजपुत्राची सावली! चौथ्या लेव्हलला तो आरशातून उडी मारतो आणि ही सावली दुसऱ्या बाजूने निसटते. पुढे ती त्याच्या वाटचं औषध पिऊन टाकते, तोंडावर दरवाजा बंद करते. शेवटी बाराव्या लेव्हलला समोरासमोर येते. तिला तलवार मारली की आपलाच जीव कमी होतो. उपाय एकच, तलवार म्यान करायची. मग दोघं एक होतात. (नंतर मेमरीत जागा काढून पहारेकरीही आले, पण सावली राहिली ती राहिलीच.)

१९८९ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रॉडरबंड कंपनीने गेम बाजारात आणला. पण तोवर ॲपल टूचे दिवस भरत आले होते. चार वर्षं घाम गाळून केलेला गेम त्या यंत्रावर फारसा खपला नाही. तो तिथेच राहिला असता तर आज त्याचं नावही आपल्याला माहीत नसतं. त्याला तारलं ते दुसऱ्या यंत्रांनी. १९९० साली तो डॉसवर आला, त्याच सुमारास अमिगावर आणि जपानच्या पीसी-९८ वर. १९९२ साली मॅकवर, निन्टेन्डोच्या यंत्रांवर आणि हातात मावणाऱ्या गेम बॉयवरही.

आपल्याकडे आला तो अर्थातच डॉसवाला, फ्लॉपीवरून फ्लॉपीवर. आमच्या गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सर बाहेर गेले की पहिलं काम म्हणजे 'प्रिन्स मेगाहिट' टाइप करणं. नुसतं 'प्रिन्स' टाइप केलं तर तुम्ही सभ्य खेळाडू, पुढे 'मेगाहिट' जोडलं की लेव्हल गाळून पुढे जाता यायचं! पहिल्या लेव्हलनंतर अक्षरं लिहिलेल्या औषधांची एक खोली लागायची. माहितीपुस्तिकेतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर जे असेल ते औषध प्या, नाहीतर मरा. आता पुस्तिका कोणाकडे असणार? नशिबावर हवाला ठेवून प्यायचं. तो नकली प्रतींना आळा घालायचा उपाय होता हे मला फार नंतर कळलं, तेव्हा आम्हाला तो राजवाड्यातलाच एक सापळा वाटायचा :)

तर सांगायचा मुद्दा हा, की यातल्या प्रत्येक यंत्रावर राजपुत्राचं रूप बदलत गेलं. मूळचा तो उघड्या डोक्याचा, पांढऱ्या पायजम्यातला साधा मुलगा. जपानी पीसी-९८ आवृत्तीत त्याला पगडी आणि बंडी मिळाली आणि मॅकच्या आवृत्तीतही तोच पोशाख आला. सुपर निन्टेन्डोवर तर राजवाडाच वाढला. लेव्हल झाल्या २० आणि साठ मिनिटांची मुदत झाली दोन तासांची. गेम बॉयवर उलटा प्रकार. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, रंग म्हणजे एकाच रंगाच्या चार छटा. २००७ मध्ये गेमलॉफ्टने 'प्रिन्स ऑफ पर्शिया क्लासिक' काढला. त्यात भिंती, मशाली, सावल्या सगळं नवं कोरं, पण राजवाड्याचा आराखडा तोच.

मग या सगळ्यांत सारखं काय? माझ्या मते, पावलांचा हिशेब. मूळ गेममध्ये एक खोली म्हणजे एक पडदा: तीन मजले, प्रत्येक मजल्यावर दहा फरशा. प्रत्येक उडी या फरशांमध्ये मोजलेली. पळता पळता थांबायला राजपुत्राला दोन पावलं जास्त लागतात, कारण खऱ्या माणसालाही लागतात. बटण दाबल्यावर तो तत्काळ उडत नाही, आधी अंग सावरतो. तो क्षणभराचा उशीर म्हणजे पार्किंगमध्ये पळणाऱ्या त्या भावाच्या शरीराचं वजन आहे. कपडे बदला, भिंती बदला, पण हा उशीर बदलला की गेम संपला. आणि सावली पाहा! जी अडचण होती म्हणून ती जन्मली, ती अडचण पुढच्या यंत्रांवर उरलीच नव्हती. तरी सावली कोणी काढून टाकली नाही, कारण तोवर ती गोष्टीचा भाग झाली होती.

एकदा माझा भाचा तो २००७ चा 'क्लासिक' खेळत बसला होता. मी शेजारी बसून "इथे थांब, पुढची फरशी निखळेल" असं सांगत होतो. "मामा, तू हा खेळलायस?" त्याने विचारलं. हा म्हणजे हा नव्हेच. मी खेळलो होतो तो रंगाने, रूपाने पार वेगळा. पण माझ्या बोटांना तो राजवाडा पाठ होता. बैठक बदलली, साथीदार बदलले तरी ओळखीची चीज दोन सुरांत ओळखू यावी, तसंच काहीसं.

आता पुण्याकडे येतो. २००३ साली उबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने 'द सँड्स ऑफ टाइम' काढला. खुद्द मेक्नर त्याचा लेखक होता. गेम आता त्रिमितीत गेला होता आणि राजपुत्राकडे काळ थोडा मागे फिरवणारा खंजीर आला होता. चुकीची उडी मारली तर काळ मागे न्या आणि पुन्हा मारा. २००८ साली उबिसॉफ्टने गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ घेतला, २०१८ मध्ये मुंबईत दुसरा सुरू केला. आणि सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की 'सँड्स ऑफ टाइम'चा रीमेक पुणे आणि मुंबई मिळून करत आहेत. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! ज्या पोरांनी क्लासमध्ये सरांची नजर चुकवून प्रिन्स खेळला, त्यांच्याच पिढीतलं कोणीतरी आता तो घडवत असणार, हा विचारच भारी होता.

पण पहिली झलक आली आणि जगभरातून टीका झाली. चेहरे, प्रकाश सगळं जुन्या पिढीचं वाटतं, असं लोक म्हणाले. जानेवारी २०२१ ची तारीख आधी मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे. मे २०२२ मध्ये काम पुण्या-मुंबईकडून माँट्रियलकडे गेलं, आणि जानेवारी २०२६ मध्ये उबिसॉफ्टने तो रीमेक रद्द केल्याचं सांगितलं. तो विकत घेऊन कोणाला खेळता आलाच नाही.

झलक मलाही फार आवडली नव्हती, हे खरं. पण एक गोष्ट मनात राहते. नवीन गेम करणाऱ्याची तुलना इतर गेमशी होते. रीमेक करणाऱ्याची तुलना लोकांच्या आठवणीशी होते. २००३ चा गेम आज जुन्या टीव्हीवर लावून पाहिला तर त्यातले चेहरेही ओबडधोबडच दिसतील. आठवणीत मात्र ते दर वर्षी थोडे सुंदर होत जातात. झलकीत फक्त चेहरे दिसतात, पावलांचा हिशेब दिसत नाही. तो हातात घेतल्याशिवाय कळत नाही. पुण्या-मुंबईच्या त्या माणसांनी तो जमवला होता की नाही, हे आपल्याला कधीच कळणार नाही. त्यांची दोन-तीन वर्षं तिथेच राहिली, आणि मला हळहळ वाटते ती त्याची.

दुसरीकडे एक छोटी घटना. 'सँड्स ऑफ टाइम' बनत असताना त्यात मूळचा १९८९ चा गेमही भेट म्हणून घालायचा विचार होता. त्यासाठी मेक्नरने स्वतः लिहिलेला मूळ कोड शोधला, ओळखीच्या सगळ्यांना विचारलं. मिळाला नाही. मग २०१२ साली त्याच्या वडिलांनी कपाट आवरताना एक खोका बाहेर काढला आणि मुलाला पाठवून दिला. त्यात साडेतीन इंची चकत्या, चकत्यांवर तोच कोड! जाणकार माणसं बोलावून, जुनी यंत्रं जोडून, तेवीस वर्षांपूर्वीच्या त्या चकत्या वाचल्या आणि मेक्नरने तो कोड सर्वांसाठी गिटहबवर ठेवला. पुढे २०१८ मध्ये हौशी मंडळींनी त्यावरून बीबीसी मास्टर या १९८० च्या दशकातल्या कॉम्प्युटरवर प्रिन्स आणला. त्याच्याही आधी, २०११ साली, एका हौशी माणसाने तो कमोडोर ६४ वर आणला होता. नव्या यंत्रासाठी सगळेच बनवतात, या लोकांनी उलट्या दिशेने जाऊन बनवला!

मोठी कंपनी, दोन देश, कित्येक वर्षं, आणि शेवटी हातात काही नाही. आणि इकडे एका वडिलांनी टाकून न दिलेला एक खोका. यातून कंपन्या वाईट आणि हौशी लोक थोर असा निष्कर्ष मी काढणार नाही. ब्रॉडरबंडसारख्या कंपनीने दहा यंत्रांवर नेला नसता तर प्रिन्स आमच्या क्लासपर्यंत आलाच नसता. पण पुन्हा बनवायचं तर मूळ कुठेतरी शाबूत हवं, आणि मूळ सांभाळणं हे कोणाचंच काम नसतं, म्हणून ते बहुतेक वेळा घरातल्या माणसांवर येऊन पडतं.

तेव्हा मंडळी, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा खोका उघडाल तेव्हा फ्लॉपी दिसल्या तर लगेच फेकू नका. नव्वदच्या दशकात कोणी घरी बसून एखादा छोटा गेम लिहिला असेल, कोणी दुकानाच्या हिशेबाचा प्रोग्रॅम, कोणी मराठी अक्षरं पडद्यावर उमटवायची खटपट केली असेल. चकतीवरचं चुंबकत्व दर वर्षी थोडं थोडं उतरत असतं. आणि आमच्या घरच्यांपैकी जे हे वाचत असतील त्यांना खास विनंती: तो निळा पत्र्याचा डबा कोणाकडे आहे ते कळवा. मी फ्लॉपी वाचणारं यंत्र मिळवून ठेवलंय.