घरची पिलं आणि बाहेरची रोपं

आमच्या घरी दिवाळीच्या फराळाभोवती वाद झाला नाही असे वर्ष मला आठवत नाही. जळगावकडची माणसे आम्ही. तेव्हा वादाचा विषय बहुधा केळीचा. घड उतरल्यावर खोडाशी आलेली पिलं राखून पिलबाग धरावी, की सगळी बाग मोडून नवी रोपे आणून लावावी? पिलबागेत पैसा कमी गुंततो, पण बाग उतरू लागली की घडही उतरतो. नवी लागवड जोमदार येते. मात्र रोपे विकतची, आणि पहिले वर्ष खर्चाचे. ह्या प्रश्नाचा निकाल आमच्या तीन पिढ्यांत लागलेला नाही. गेल्या दिवाळीत मात्र केळी बाजूला राहिली आणि वाद क्रिकेटवर आला. वाद तोच होता, म्हणूनच मी तो इतक्या सविस्तर सांगायला बसलो आहे.

झाले असे की, २०२५ च्या हंगामासाठी महाराष्ट्राच्या रणजी संघाने मुंबईचा पृथ्वी शॉ आणि केरळकडून खेळणारा जलज सक्सेना असे दोन बाहेरचे खेळाडू घेतले. शॉने चंडीगडविरुद्ध २२२ धावा ठोकल्या, तेव्हा घरात पेढे वाटायचेच बाकी राहिले होते. पण माझ्या पुतण्याचा मुलगा गप्प होता. तो जळगावात ऑफस्पिन टाकतो. आणि सक्सेनाही ऑफस्पिनच टाकतो, रणजीत सहा हजार धावा आणि चारशे बळी असे दोन्ही गाठीशी बांधून! मुलगा एवढेच म्हणाला, ‘‘आजोबा, आधी पुणं लांब होतं, आता इंदूरही मधी आलं.’’ सक्सेना मूळ इंदूरचा, हे त्याला ठाऊक होते.

इंदूर हे नाव निघाले आणि मला अप्पांची आठवण झाली. अप्पा म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ. धुळ्याला आग्रा रोडवर त्यांचे सरकीचे दुकान होते. इंदूर त्याच रस्त्यावर, त्यामुळे व्यापाराच्या निमित्ताने त्यांचे तिकडे जाणे असे. आणि व्यापार हे निमित्तच असे, खरे कारण होळकरांचा क्रिकेट संघ. माझे वडील नाना मात्र पुण्याच्या स. प. महाविद्यालयात शिकलेले, जिथे दि. ब. देवधर संस्कृत शिकवीत. साहजिकच एक होळकरांचा भक्त, तर दुसरा देवधरांचा. दोघे समोरासमोर बसले की आई चहाचे आधण वाढवून ठेवी.

नानांचा पक्ष भक्कम होता. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. कर्णधार तेव्हा पन्नाशीला टेकलेला! त्याच वयात पुण्याला मुंबईविरुद्ध त्यांनी २४६ धावा काढल्या. त्या सामन्यात मुंबईच्या ६५० धावा झाल्या आणि महाराष्ट्राच्या ६७५. पंचवीस धावांच्या फरकावर सामना हाती आला. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे ह्यांनी १९३९-४० मध्ये बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या, आणि रणजीतले पहिले त्रिशतक महाराष्ट्राच्या नावावर लागले. ‘‘सगळी घरची पोरं,’’ नाना अभिमानाने म्हणत.

‘‘मग ती घरी का राहिली नाहीत?’’ हा अप्पांचा ठरलेला प्रश्न.

प्रश्न बोचरा होता, कारण खरा होता. ज्या बडोद्याविरुद्ध हजारे ह्यांनी ते त्रिशतक केले, त्याच बडोद्याच्या महाराजांनी त्यांना आपल्याकडे नेले. बडोद्याने १९४२-४३ मध्ये करंडक जिंकला. पुढे १९४७ च्या अंतिम सामन्यात हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) ह्यांनी होळकरांविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी केली. जगात तेवढी मोठी भागी कोणत्याही गड्यासाठी पुढे २००६ सालापर्यंत झाली नाही. देवधर मात्र हटले नाहीत. १९४४ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली. पण एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर किती दिवस घर उभे राहणार?

अप्पांचा संघ मात्र उघड उघड जमवलेला होता आणि त्यांना त्याची लाज नव्हती. नागपूरच्या सी. के. नायडूंना होळकर दरबाराने १९२३ मध्येच नेले होते. सैन्यात हुद्दा दिला, आणि लोक त्यांना कर्नल म्हणू लागले. मुश्ताक अली इंदूरचेच, पण त्यांच्याभोवती सरवटे, निंबाळकर, भांडारकर अशी मंडळी गोळा झाली. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळला. युद्धाच्या निमित्ताने तो हिंदुस्थानात आला होता. मुंबईविरुद्ध त्याने नाबाद २४९ धावा केल्या, तरी होळकर हरले! पुढच्याच हंगामात मात्र त्यांनी म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ अशी धावसंख्या रचली. एका डावात सहा शतके. अप्पा ती सहा नावे श्लोकासारखी म्हणत. १९४४-४५ पासून १९५४-५५ पर्यंतच्या अकरा हंगामांत होळकर दहा वेळा अंतिम सामन्यात पोचले आणि चार वेळा जिंकले.

नानांना ह्यात एकच समाधान होते. त्या सहा शतकवीरांतले दोघे, भाऊसाहेब निंबाळकर आणि कमल भांडारकर, १९४८ च्या डिसेंबरात महाराष्ट्राकडून खेळले आणि काठेवाडविरुद्ध पुण्याला दुसऱ्या गड्यासाठी त्यांनी ४५५ धावा जोडल्या. निंबाळकर ४४३ वर नाबाद होते, ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ कमी. विश्रांतीच्या वेळी समोरच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, आणखी मार खाण्याचे नाकारून सामनाच सोडून दिला. संघाच्या तेव्हा ४ बाद ८२६ झाल्या होत्या. हे नाना इतक्या चिडून सांगत, की जणू त्या नऊ धावा आमच्या खळ्यातून चोरीला गेल्या होत्या. पुढे निंबाळकर पुन्हा इंदूरला गेले. भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

त्याच हंगामात पुण्यातच मुंबईने महाराष्ट्राला ३५४ धावांनी हरवले. चार डावांत मिळून २३७६ धावा झाल्या. मुंबईकडून दत्तू फडकर ह्यांनी दोन्ही डावांत शतके केली. हे फडकर कोल्हापूरचे, आणि आधी महाराष्ट्राकडून खेळलेले! एक मुलगा बडोद्याला, एक इंदूरला, एक मुंबईला. आपण रोपवाटिका चालवली आणि बागा दुसऱ्यांच्या फुलल्या, असे मला कित्येकदा वाटते.

अप्पांचा विजय मात्र टिकला नाही. संस्थाने विलीन झाली, राजाश्रय आटला, आणि १९५४-५५ चा अंतिम सामना मद्रासकडून हरल्यावर होळकर संघाचे नावच पुसले गेले. ‘‘विकतची बाग पाणी तुटेपर्यंत!’’ असे नाना म्हणाले. मी लहान होतो, मला ते वाक्य फार आवडले, आणि पुष्कळ वर्षे मी त्यालाच सत्य मानून चाललो.

१९७१ साली नानांचीही पाळी आली. चंदू बोर्डे ह्यांचा महाराष्ट्र अंतिम सामन्यात मुंबईसमोर होता. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, मांकड असे मुंबईचे पाच मोहरे वेस्ट इंडीजला गेलेले. आता नाही तर कधी? नाना रोज पहाटे वर्तमानपत्राच्या गाडीची वाट पाहत स्टेशनवर जात. सुधीर नाईक ह्यांच्या हाताखालच्या त्या उरलेल्या मुंबईने महाराष्ट्राला ४८ धावांनी हरवले. त्या सकाळी नाना पेपर न घेताच घरी आले. बातमी त्यांना फलाटावरच कळली होती. १९४८ पासून पावसाळ्यात चिखलात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगमधून मुंबईची दुसरी फळीही तयार होत असे, हे कोणी त्यांना समजावून सांगण्याची ती वेळ नव्हती.

त्यानंतर १९९२-९३ मध्ये पंजाबने आणि २०१३-१४ मध्ये कर्नाटकाने आम्हांला अंतिम सामन्यात हरवले.

माझे मत बदलले ते विदर्भामुळे. मुंबईला नकोसा झालेला वसीम जाफर त्यांनी घेतला, कर्नाटकचा गणेश सतीश घेतला, प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित ह्यांना आणले; पण कर्णधार नागपूरचा फैज फझल, आणि २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली ती रजनीश गुरबानीने. तो सामना झाला इंदूरला, होळकर स्टेडियमवर! पुढच्या हंगामात जाफरने हजाराच्या वर धावा केल्या आणि करंडक पुन्हा आला; २०२४-२५ मध्ये करुण नायर पाहुणा होता, तेव्हा तिसऱ्यांदा. त्या अंतिम सामन्यात पहिल्या डावात १५३ धावा काढल्या त्या मात्र दानिश मालेवारने.

आणि इंदूरलाही मी उगाच निकालात काढले होते. होळकर संघातले माधवसिंह जगदाळे. त्यांचे चिरंजीव संजय जगदाळे ह्यांनी तिथल्या पोरांच्या पिढ्या घडवल्या. २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून करंडक नेला. प्रशिक्षक तेच पंडित. होळकरांच्या शेवटच्या विजयानंतर एकुणसत्तर वर्षांनी. नानांचे पाणी तुटण्याचे वाक्य तिथे अर्धेच खरे ठरले.

म्हणून मी घरात सांगितले की पाहुणे यावेत, नियमाप्रमाणे तीनपर्यंतच येऊ शकतात. मात्र शॉबरोबर सलामीला जाणारा मुलगा आणि सक्सेनाच्या दुसऱ्या टोकाने गोलंदाजी करणारा मुलगा कोण, हे कोणी पाहिले का? तो पुण्याचाच असेल, तर धुळे-जळगावच्या पोराला तीन पाहुणे काय आणि तेरा काय. खानदेशातून पुण्याला जाणारा मुलगाही तिथे पाहुण्यासारखाच उतरतो.

हे मी नातवाला सांगत होतो. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘सक्सेना अडतीस वर्षांचा आहे ना?’’ मी होय म्हणालो. त्याने बोटांवर काहीतरी मोजले, चिवड्याची मूठ खिशात भरली आणि चेंडू घेऊन बाहेर पडला. पुतण्या मागून ओरडला, ‘‘अरे भो, सणाचा दिवस आहे!’’ पण तोवर तो फाटकापलीकडे गेला होता.