‘मी’ आणि ‘मला’ : क्रियापद या शब्दाची कुळकथा

मुंबईतल्या मढच्या धक्क्यावर ‘लागणे’ हे एकच क्रियापद दिवसभर निरनिराळी कामं करत असतं. वर्सोव्याहून सुटलेली फेरीबोट खाडी ओलांडून आली की ‘बोट लागली’. समुद्राला उधाण असताना त्याच बोटीतून आलेली पाहुणी तोंडाला पदर लावून खाली बसली की ‘तिला बोट लागली’. आणि तांडेलाने मासळी भरलेली बोट धक्क्याला आणली की ‘त्याने बोट लावली’. पहिल्या वाक्यात बोट आपसूक येऊन टेकते, दुसऱ्यात बाईला काहीतरी होतं, तिसऱ्यात मात्र माणूस काहीतरी करतो. त्या करण्यासरशी ‘लाग’चं ‘लाव’ होतं आणि कर्त्याला ‘ने’ येऊन चिकटतो. केलं की झालं, असा प्रश्न धक्क्यावरच्या कुणालाही पडत नाही, कारण उत्तर क्रियापदाच्या रूपातच आलेलं असतं.

याच धक्क्यावरचं मूल शाळेत जातं आणि पाठ करतं की क्रिया दाखवणारा शब्द म्हणजे क्रियापद. २०००-०१ पासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे पुढे लवकरच त्याच्यासमोर ‘ॲक्शन व्हर्ब’ आणि ‘स्टेटिव्ह व्हर्ब’ अशा दोन याद्या येतात. ‘रन’, ‘ईट’, ‘पुल’ यांना ‘आयएनजी’ लावायचं. ‘नो’, ‘वाँट’, ‘हॅव’ यांना लावायचं नाही. याद्या पाठ होतात, तरी वहीत ‘आय ॲम नोइंग’ उमटतंच. मराठीत हा भेद नाही, म्हणून मुलं चुकतात, असं सर्रास सांगितलं जातं. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. हा भेद मराठीत इंग्रजीपेक्षा ठळक आहे. तो दिसेनासा झाला तो ‘क्रियापद’ या नावामुळे आणि त्या नावाच्या एका ओळीच्या व्याख्येमुळे. त्यासाठी या नावाचं कूळ पाहायला हवं.

इंग्रजी ‘व्हर्ब’ हा लॅटिन ‘व्हर्बुम’पासून आला, आणि व्हर्बुम म्हणजे नुसता ‘शब्द’. त्यात क्रियेचा मागमूस नाही. ॲरिस्टॉटलने क्रियापदाची खूण सांगितली ती काळाची: जो शब्द अर्थासोबत काळही सांगतो, तो. जर्मन भाषेने त्यावरून ‘त्साइटवोर्ट’, म्हणजे कालशब्द, असं नाव बनवलं. आपल्याकडे यास्काने निरुक्तात शब्दांच्या चार जाती सांगितल्या आणि क्रियापदाला ‘आख्यात’ म्हटलं. आख्यातात प्राधान्य असतं ते ‘भावा’ला, म्हणजे होण्याला, असं तो सांगतो, आणि वार्ष्यायणी या आचार्याच्या नावावर त्या भावाचे सहा विकार देतो: जन्मणं, असणं, बदलणं, वाढणं, झिजणं, नाहीसं होणं. या सहांत ‘करणं’ नाही. ‘असणं’ मात्र दुसऱ्याच क्रमांकावर आहे.

इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातल्या पतंजलीने या गोष्टीचा महाभाष्यात जो काथ्याकूट केला आहे, तो आजच्या इंग्रजीच्या वर्गातही उपयोगी पडावा. क्रिया डोळ्यांना दिसत नाही, तिचा पिंड करून दाखवता येत नाही, ती अनुमानाने जाणायची, असं तो म्हणतो: इथे असलेला देवदत्त ज्या कशामुळे पाटलिपुत्रात असतो, ती क्रिया. मग शिजवणं ही क्रिया आहे हे ओळखायचं कसं? तर ‘काय करतो?’ या प्रश्नाला ‘शिजवतो’ हे उत्तर बसतं म्हणून. लगेच तो स्वतःच आडवा प्रश्न घालतो. धातू म्हणजे क्रिया सांगणारा, असं ठरवलं, तर ‘आहे’ या अर्थाच्या धातूंना धातू कसं म्हणायचं? आणि ‘क्रिया’ सोडून अधिक रुंद असा ‘भाव’ हा शब्द चालेल का, याची चर्चा सुरू होते. ॲक्शन व्हर्ब ओळखण्याची कसोटी आणि त्या कसोटीची मर्यादा, दोन्ही तिथे एकाच जागी मांडलेली आहेत.

‘क्रियापद’ हा शब्दही संस्कृतातलाच. टीकाकार श्लोकाचा अन्वय लावताना वाक्यातलं क्रियापद शोधायला सांगतात. पण मराठीत तो शाळेच्या फळ्यावर पक्का बसला तो एकोणिसाव्या शतकात, छापील व्याकरणांबरोबर. विल्यम कॅरीने १८०५ साली श्रीरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं, पण ते इंग्रजांसाठी, इंग्रजीत. मराठी मुलांसाठी मराठीतून लिहिलेल्या व्याकरणांच्या दृष्टीने १८३६ हे साल महत्त्वाचं: बाळशास्त्री जांभेकरांचं ‘बालव्याकरण’ त्याच वर्षाचं आणि दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ही त्याच वर्षाचं. दादोबा तेव्हा अवघ्या बावीस वर्षांचे होते. त्यांच्यासमोर दोन नमुने होते, एक संस्कृत व्याकरणाचा आणि दुसरा १७९५ साली निघालेल्या लिंडले मरेच्या इंग्रजी व्याकरणाचा. मांडणी त्यांनी मरेच्या धर्तीवर केली. यास्काच्या चार जाती मागे राहिल्या आणि शब्दांच्या आठ जाती पुढे आल्या, त्या आजही पाठ्यपुस्तकात आहेत. मरेच्या व्याख्येत क्रियापद तीन गोष्टी सांगतं: असणं, करणं आणि सोसणं. असणं पहिलं. मराठीत मात्र त्या जागी जे नाव रूढ झालं, त्यात तिघांपैकी एकटं करणंच उरलं. दादोबांना दोष द्यावा असं यात काही नाही. एवढ्या तरुण वयात त्यांनी एका भाषेला शाळेत उभं केलं. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या व्याकरणाची कसून तपासणी केली, आणि १९११ साली मोरो केशव दामल्यांनी, कवी केशवसुतांच्या या धाकट्या भावाने, ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहून तो सगळा वाद मुळापासून मांडला. पण ग्रंथातली चर्चा ग्रंथात राहिली. वर्गात पोचली ती एक ओळ.

आता या ओळीने काय झाकलं ते पाहू. जाळं फाटतं आणि कुणीतरी ते फाडतं. दोर तुटतो, तो तोडतात. बोंबील सुकतात, ते सुकवतात. होडी बुडते, ती बुडवतात. इंग्रजीत ‘टेअर’, ‘ब्रेक’, ‘ड्राय’, ‘सिंक’ या शब्दांनी दोन्हीकडची कामं चालतात. मराठीत स्वर किंवा व्यंजन बदलतं, नाहीतर मध्ये ‘व’ येतो, आणि माणसाचा हात लागला की नाही ते कळतं. त्याहून मोठी खूण ‘मला’ची. ‘मी बघते’ आणि ‘मला दिसतं’. ‘मी ऐकते’ आणि ‘मला ऐकू येतं’. ‘मी चव घेतेय’ आणि ‘मला खारट लागतं’. ‘मी विचार करतेय’ आणि ‘मला वाटतं’. ‘मी’ असलेल्या वाक्यात माणूस काही करतो. ‘मला’ असलेल्या वाक्यात त्याला काही होतं, त्याच्या ठायी काही असतं; ते त्याच्यापर्यंत येऊन पोचतं. आगरी-कोळी बोलीत ‘मला’चं ‘मना’ होतं, पण व्यवहार तोच. आता याच जोड्या इंग्रजीत ठेवा: ‘लुक’ आणि ‘सी’, ‘लिसन’ आणि ‘हिअर’. ‘टेस्ट’ आणि ‘थिंक’ हे इंग्रजी शब्द तर एकटेच दोन्ही कामं करतात, आणि ‘आयएनजी’ कुठे लावायचं याचा गोंधळ तिथेच होतो. ‘आय ॲम थिंकिंग’ चालतं, कारण ते ‘विचार करतेय’ आहे; ‘मला वाटतं की ती येईल’ याला मात्र ‘आय थिंक’ हवं. इंग्रजी पुस्तक हा एकाच शब्दाचा अपवाद म्हणून शिकवतं. मराठी मुलासाठी ते पहिल्यापासूनच दोन वेगळे शब्द आहेत. ‘हॅव’चंही तसंच: ‘मी जेवतेय’ म्हणजे ‘आय ॲम हॅविंग लंच’, पण ‘माझ्याकडे होडी आहे’ याला ‘हॅविंग’ लावता येत नाही, कारण तिथे कुणी काही करत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मराठी ‘मला’च्या क्रियापदांनाही ‘-तंय’ खुशाल लावते. ‘मला आठवतंय’, ‘मला कळतंय’, ‘मला दिसतंय’ ही रोजची वाक्यं आहेत. मग मुलाने ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ लिहिलं तर त्यात मराठीचाच दोष नाही का? चूक तिथूनच येते, हे खरं आहे. पण म्हणूनच तर उपाय ‘-तंय’मध्ये शोधायचा नाही. ‘-तंय’ फक्त आत्ताचं सांगतो, करण्याचं नाही. मुलाला शेपूट बघायला शिकवलं जातं, तोंड बघायला नाही. वाक्याच्या सुरुवातीला ‘मला’ दिसला की ‘आयएनजी’ला हात आवरायचा, एवढं सांगितलं तर निम्म्याहून अधिक चुका वहीवर उतरण्याआधीच थांबतील. ‘मला जावं लागलं’ हे वाक्य घ्या. जाणं ही क्रिया आहे, पण ‘मला’ आला तो ‘लागलं’साठी, आणि इंग्रजीतही तिथे ‘हॅव टू’ येतो, ज्याच्या जागी ‘आय ॲम हॅविंग टू’ सहसा कुणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो मान्य करायला हवा. ‘मी त्याला ओळखतो’, ‘मी देव मानतो’, ‘मी तिच्यावर प्रेम करतो’ या वाक्यांत ‘मी’ आहे, शेवटच्या वाक्यात तर सरळ ‘करतो’ आहे. इंग्रजीत मात्र ‘नो’, ‘बिलिव्ह’, ‘लव्ह’ हे सगळे स्थितीच्या बाजूचे. म्हणजे ‘मला’ दिसला की स्थिती, हे बहुतेक ठिकाणी खरं. पण ‘मी’ दिसला की क्रियाच, हे खरं नाही. तिथे पतंजलीची कसोटी लावावी. ‘तो काय करतोय?’ या प्रश्नाला ‘जाळं ओढतोय’ हे उत्तर बसतं. ‘देव मानतोय’ हे उत्तर दिलं तर विचारणारा बुचकळ्यात पडेल. काही शब्द तरीही उरतील, ते पाठच करावे लागतील. तत्त्वज्ञ झेनो व्हेंडलरने १९५७ साली इंग्रजी क्रियापदांचे चार वर्ग केले, स्थिती, चालू कृती, तडीस जाणारी कृती आणि क्षणात घडणारी घटना. तेव्हापासून या सीमारेषांवर अभ्यासकांची चर्चा चालूच आहे, त्यामुळे शाळेतल्या मुलाकडून एका नियमात सगळं बसवण्याची अपेक्षा धरू नये.

आणि नावाला दोष द्यायचा तर इंग्रजी शाळाही सुटत नाही. तिथेही लहान मुलांना क्रियापद म्हणजे ‘डुइंग वर्ड’ असंच शिकवतात. डच भाषेत ‘वेर्कवोर्ड’, तमिळमध्ये ‘विनैच्चोल’, दोन्हींचा अर्थ कामाचा शब्द. मग मराठी मुलाचंच नुकसान जास्त का? इंग्रज मुलाला ‘सी’ला ‘आयएनजी’ लावायचं की नाही हे कानाने कळतं, व्याख्येवर त्याला अवलंबून राहावं लागत नाही. मराठी मुलाकडे इंग्रजीचा कान नसतो. त्याला व्याख्याच धरून चालावं लागतं. त्याच्याकडे कान आहे तो मराठीचा, आणि शाळा त्यालाच इंग्रजीच्या तासाला बाहेर बसवते.

हा कान किती तयार असतो ते पाहायचं असेल तर उसने शब्द ऐकावेत. मढमधले बंगले आणि किनारा हिंदी-मराठी चित्रपट-मालिकांच्या चित्रीकरणासाठी वापरात आहेत, आणि ‘ॲक्शन’ हा शब्द इथे पुस्तकाबाहेर, मोठ्या आवाजात ऐकू येतो. त्याच्यासोबत आलेल्या प्रत्येक इंग्रजी शब्दाला मराठीने आपल्या दारात उभं करून एकच विचारलं: तू करणे की होणे? ‘सीन शूट केला’, ‘सीन शूट झाला’. ‘पॅक-अप केलं’, ‘पॅक-अप झालं’. ढग हटायची वाट पाहत तीन तास बसलेला माणूस म्हणतो, ‘मला जाम बोअर झालं’. ‘मी बोअर झालो’ असंही काही जण म्हणतात. पण ‘मी बोअर केलं’ असं स्वतःच्या कंटाळ्याबद्दल कुणी म्हणत नाही, कारण ‘बोअर करू नकोस’ हे दुसऱ्याला सांगायचं वाक्य आहे. तोच माणूस इंग्रजीत मात्र ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणून जातो. त्याला सांगायचं असतं ‘मला बोअर झालं’, म्हणजे ‘आय ॲम बोअर्ड’. तोंडून निघालेल्या वाक्याचा अर्थ होतो, मी लोकांना बोअर करतो.