गिरणीतील जॉबरचा अंमल
मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या सूतगिरणीची स्थापना केल्यानंतर वाढत गेलेल्या गिरणधंद्यात कामगारांना रोज जाणवणारा अंमल मालकाचा नसून जॉबरचा, म्हणजे खात्यातील मुकादमाचा, होता. कोकणातून व घाटावरून आलेल्यांना कामावर घेणे, साचे चालू ठेवणे, रजा देणे हे सारे त्याच्या हाती असल्याने नोकरीसाठी त्याला दस्तुरी, म्हणजे रिवाजाने ठरलेली लाच, द्यावी लागे. मात्र अडीनडीला पैसे उसने देणाराही बहुधा तोच असे. भारतातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात ही पद्धत सदोष ठरवून भरतीसाठी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. ज्याच्यावर कोणाचाच अंकुश नाही असा अधिकार कुशल माणसालाही अन्यायाकडे नेतो, हा या इतिहासाचा प्रत्येक वरिष्ठासाठी धडा होय.