उशिरा आलेली आगगाडी : पेण आणि रोहे

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला आगगाडी धावली, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु मुंबईच्या खाडीपलीकडे असलेल्या पेण-रोह्याच्या माणसाला आपल्या गावी गाडीत पाऊल ठेवण्यास त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे लागली, याचा विचार आपण क्वचितच करतो. गाडी इतक्या उशिरा का आली, आणि आली ती कोणासाठी, या दोन प्रश्नांचा आज आम्ही विचार करणार आहोत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाण्यात आहे. मुंबईच्या व्यापाऱ्यांना देशावरचा कापूस हवा होता. म्हणून लोहमार्ग बोरघाट आणि कसारा घाट चढून वर गेला. कोकणचा माल तर होडीने येतच होता. पेणचे भात व मीठ अंतोरे बंदरातून निघे. रोह्याला कुंडलिकेची खाडी होती. समुद्राने सोय केली, आणि त्या सोयीनेच रेल्वे लांबवली. पावसाळ्यात दर्या खवळला की ही वाट अडे. पण चार महिन्यांची ती अडचण मुंबईच्या हिशेबात कधी धरली गेली नाही.

पुढे मार्ग आला तोही तुकड्यातुकड्यांनी. ठाण्याजवळच्या दिव्याहून निघालेला फाटा १९६४ साली पनवेलला आणि १९६६ साली आपट्याला पोहोचला. तिथे तो बराच काळ थबकला. रोह्यास रूळ लागले १९८६ साली. हा विस्तार मुख्यतः कारखान्यांसाठी झाला. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्याकडे जाणारा मालगाड्यांचा फाटा पेणहूनच निघतो. पाहुण्यासाठी रांधलेल्या स्वयंपाकात घरच्या माणसाचेही पान वाढावे, तशी इथल्या उतारूची सोय झाली.

रोहे शेवटचे स्थानक राहिले ते थोडीच वर्षे. बॅरिस्टर नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांनी ज्या कोकण रेल्वेचा ध्यास घेतला, तिचे महामंडळ जुलै १९९० मध्ये स्थापन झाले आणि १५ सप्टेंबरला रोह्यातच पायाभरणी झाली. १९९३ साली गाडी वीरपर्यंत गेली. २६ जानेवारी १९९८ रोजी मंगळूरपर्यंतचा सारा मार्ग खुला झाला. आजही मध्य रेल्वे रोह्याला संपते आणि तेथूनच कोकण रेल्वे सुरू होते. गाव दक्षिणेचा दरवाजा बनले.

पण दरवाजाचे एक दुःख असते : त्यातून सगळे जातात, थांबतो तो एखादाच. लांब पल्ल्याच्या कित्येक गाड्या पेणच्या फलाटावरून न थांबता निघून जातात. सकाळी पनवेल-ठाण्याकडे कामाला जाणाऱ्याची आणि कॉलेजच्या मुलांची मदार असते ती दिवा-रोहे मार्गावरच्या मोजक्या गाड्यांवर. त्यांतली एक चुकली की एस. टी.च्या थांब्याकडे धाव घ्यावी लागते.

स्थानकाची थोरवी तिथून किती गाड्या जातात यावर मोजू नये. गावच्या माणसाला उपयोगी वेळी किती थांबतात, यावर मोजावी, असे आम्हांस वाटते. रूळ येण्यासाठी आपल्या आजोबा-पणजोबांनी वाट पाहिली. थांब्यासाठी मात्र नुसती वाट पाहून भागणार नाही. त्याची मागणी नागरिकांनी एकत्र येऊन, चिकाटीने करावी लागेल.