डोव्हरचा खटला आणि पाठचिकित्सेची साक्ष

अमेरिकेतील शाळांमधून उत्क्रांतिवाद शिकवावा की नाही, या वादाचा इतिहास सामान्यतः विज्ञान आणि धर्म यांच्या झुंजीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पेनसिल्व्हेनिया राज्यातील डोव्हर या लहानशा गावच्या शालेय मंडळावर २००५ साली जो खटला चालला, त्याचेही वर्णन बहुधा याच थाटात होते. ते चूक नव्हे. पण अपुरे आहे. त्या खटल्यातील सर्वांत बळकट पुरावा प्रयोगशाळेतून आलेला नव्हता. तो एका क्रमिक पुस्तकाच्या टाकून दिलेल्या मसुद्यांतून आला होता.

या मसुद्यांचे महत्त्व कळण्यास थोडे मागे गेले पाहिजे. १९२५ साली टेनेसी राज्यातील डेटन येथे जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांतिवाद शिकविल्याबद्दल खटला भरण्यात आला, तेव्हा प्रश्न सरळ बंदीचा होता. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने अर्कान्सासची अशीच बंदी घटनाबाह्य ठरविली. बंदीचा मार्ग खुंटल्यावर मागणीचे रूप पालटले. उत्क्रांती शिकवावयाची असेल तर तिच्या जोडीस ‘निर्मितिविज्ञान’ही शिकवावे, असा कायदा लुइझियाना राज्याने १९८१ साली केला. १९ जून १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तोही रद्द केला. निर्मितिविज्ञान हा धर्ममताचाच प्रचार आहे, हे त्या निर्णयाचे सार होते.

१९८९ साली ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे शालेय पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात निर्मितिवादाचे नाव नव्हते. ‘इंटेलिजंट डिझाइन’, म्हणजे बुद्धिपुरस्सर रचना, ही संज्ञा त्यात सर्वत्र होती. रचना करणारा कोण, याविषयी मौन होते. डोव्हरच्या मंडळाने १८ ऑक्टोबर २००४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव केला, तेव्हा नववीच्या विद्यार्थ्यांसाठी संदर्भग्रंथ म्हणून हेच पुस्तक पुढे करण्यात आले. त्याच्या साठ प्रती शाळेस निनावी देणगी म्हणून मिळाल्या होत्या. त्यांचे पैसे मंडळाच्या एका सभासदाने आपल्या चर्चमध्ये गोळा केले होते, ही गोष्ट पुढे न्यायालयात उघडकीस आली. डार्विनच्या सिद्धान्तात उणिवा आहेत, अशा आशयाचे निवेदन वर्गात वाचावयाचे होते. विज्ञानशिक्षकांनी व्यावसायिक नीतीचा आधार घेऊन ते वाचण्यास नकार दिला. जानेवारी २००५ मध्ये प्रशासकीय अधिकाऱ्यांस वर्गात येऊन ते वाचावे लागले. पोटापाण्याची नोकरी असलेल्या माणसांचा हा नकार या प्रकरणात सर्वांत कमी चर्चिला गेला आहे. त्यापूर्वीच, डिसेंबर २००४ मध्ये, अकरा पालकांनी दावा दाखल केला होता.

लुइझियानातील तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका बार्बरा फॉरेस्ट यांनी या दाव्यात जी साक्ष दिली, ती पद्धतीच्या दृष्टीने पुण्याच्या अभ्यासकांस परकी वाटणार नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना पोथ्यांची कुळे लावली, ती पाठभेद आणि लेखकांचे प्रमाद यांच्या आधारे. येथेही तेच झाले. पुस्तकाच्या प्रकाशक संस्थेकडून न्यायालयीन आदेशाने जुने मसुदे मिळविण्यात आले आणि ते कालक्रमाने शेजारी शेजारी ठेवण्यात आले. जीवांचे विविध प्रकार आपापल्या लक्षणांसह, म्हणजे मासे खवल्यांसह आणि पक्षी पिसांसह, एकाएकी अवतरले, ही ‘निर्मिती’ची व्याख्या होती. पुढच्या पाठात हीच व्याख्या ‘बुद्धिपुरस्सर रचने’ची झाली. बाकीचे वाक्य जवळजवळ जसेच्या तसे राहिले. ‘निर्मिती’ आणि तिच्यापासून बनलेले शब्द सुमारे दीडशे ठिकाणी बदलले गेले होते, आणि हा पालट १९८७ च्या निर्णयानंतर लवकरच झाला होता. एका मसुद्यात तर जुना शब्द पुरता पुसलाही गेला नाही. ‘क्रिएशनिस्ट्स’च्या जागी ‘डिझाइन प्रोपोनन्ट्स’ घालताना जुन्या शब्दाचे आद्याक्षर आणि अंत्य प्रत्यय तसेच चिकटून राहिले आणि कोणत्याही भाषेत नसलेला एक जोडशब्द जन्मास आला. अर्धवट लेखनप्रमाद हा वंशावळीचा उत्तम पुरावा असतो, हे पाठचिकित्सकास सांगावे लागत नाही.

वैज्ञानिक साक्षीही झाल्या. मंडळाचे प्रमुख साक्षीदार, जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांनी प्रतिकारसंस्थेच्या उत्पत्तीविषयी विज्ञानास उत्तर सापडलेले नाही असे प्रतिपादिले होते. उलटतपासात त्या विषयावरील ५८ शोधनिबंध आणि नऊ ग्रंथ त्यांच्यापुढे मांडण्यात आले. आपल्या व्याख्येप्रमाणे फलज्योतिषही वैज्ञानिक ‘सिद्धान्त’ ठरेल, हेही त्यांना मान्य करावे लागले.

न्यायाधीश जॉन जोन्स यांनी २० डिसेंबर २००५ रोजी १३९ पानांचा निकाल दिला. बुद्धिपुरस्सर रचना हे विज्ञान नव्हे, आणि तिची मुळे निर्मितिवादात आहेत, असे दोन निष्कर्ष त्यांनी काढले. हे दोन्ही निष्कर्ष सारख्या ताकदीचे नाहीत. विज्ञान कोणते आणि अविज्ञान कोणते, ही सीमारेषा न्यायालयाने आखावी काय, याविषयी १९८२ च्या अर्कान्सास निकालापासूनच मतभेद आहेत. निर्मितिवाद हे अविज्ञान नसून खोटे ठरलेले विज्ञान आहे, असा आक्षेप लॅरी लॉडन या तत्त्वज्ञांनी त्या वेळी घेतला होता. तो अद्यापि सहज दूर करता येत नाही. निकालाचा कायदेशीर आधारही पुढे डळमळला. जोन्स यांनी वापरलेली, १९७१ च्या लेमन निर्णयातील कसोटी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सोडून दिली. शिवाय नोव्हेंबर २००५ च्या निवडणुकीत उभे असलेले आठही जुने सभासद पराभूत झाल्याने नव्या मंडळाने अपीलच केले नाही, आणि निकालाचे बंधन एका संघीय जिल्ह्यापुरते राहिले. मसुद्यांच्या तुलनेतून निघालेला निष्कर्ष मात्र यांपैकी कशावरही अवलंबून नाही.

२०२४ साली वेस्ट व्हर्जिनिया राज्याने विश्वाच्या व जीवसृष्टीच्या उत्पत्तीसंबंधी विद्यार्थ्यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देण्याची मुभा शिक्षकांस देणारा कायदा केला. विधेयकाच्या मूळ मसुद्यात ‘बुद्धिपुरस्सर रचना’ हे शब्द स्पष्टपणे होते. समितीत ते वगळण्यात येऊन त्यांच्या जागी ‘वैज्ञानिक सिद्धान्त’ असे शब्द घालण्यात आले. दोन्ही पाठ उपलब्ध आहेत.